सीबीडी क्रीमनं सेन्सिटिव्ह स्किन खरंच शांत होते का? मुंबईत घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की स्किन खूप सेन्सिटिव्ह आहे, काहीही लावलं की चुरचुरतं, गाल लाल होतात, आणि इन्स्टावर सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातलं एक द्रव्य, घातलेल्या क्रीमच्या ॲड सारख्या समोर येतायत, तर घ्यावं का, आणि इथे मुंबईत ते लीगल तरी आहे का.

मी वसईला एका कॉस्मेटिक युनिटमध्ये क्यूसीला आहे, म्हणजे दिवसभर क्रीमचा पीएच, व्हिस्कॉसिटी आणि लेबलं तपासणं हेच काम, आणि माझी स्वतःची स्किनपण लहानपणापासून कटकटीची आहे, त्यामुळे या विषयावर मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. डॉक्टर नाहीये, हे आधीच सांगते.

सरळ उत्तर हवं असेल तर, चांगल्या कंपनीचं घेतलंत तर बहुतेक काही वाईट होणार नाही, थोडं बरंही वाटेल. पण बरं वाटलं तर ते सीबीडीमुळेच असं धरून चालू नका. त्या डबीत सगळ्यात जास्त काम बेस करत असतो, म्हणजे ग्लिसरीन, शिया बटर, सेरामाइड (कातडीतच असणारी स्निग्ध द्रव्यं), तेलं, जे काय असेल ते. तो बेस तुम्हाला मेडिकलमध्ये कितीतरी स्वस्त मिळतो. साध्या भातावर केशराच्या दोन काड्या टाकायच्या आणि केशरी भाताचा भाव लावायचा, तसा प्रकार आहे बऱ्याच ब्रँडचा.

आता सीबीडीत काहीच दम नाही असं मी म्हणत नाहीये हां. थिअरी चांगली आहे. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिओल, हे भांग-गांजाच्या झाडातलंच एक द्रव्य, १९४० मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, आणि नशा चढवणारं टीएचसी ते वेगळं, सीबीडीनं नशा येत नाही. आपल्या कातडीतच अशी रिसेप्टर्स, म्हणजे पेशींवरचे सिग्नल पकडणारे रेणू, असतात ज्यांच्यावर हे काम करतं. त्यातलं एक म्हणजे टीआरपीव्ही१, मिरचीचं तिखट हाताला लागलं की जी आग होते ना, ती आग मेंदूला कळवणारं हेच ते रिसेप्टर. ते शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. सीबीडी या रिसेप्टरला आधी डिवचतं आणि मग ते सुस्तावतं, असं लॅबमध्ये दिसलंय. म्हणून खाज आणि चुरचुर कमी होईल ही कल्पना काही हवेतली नाही. २०१४ मध्ये हंगेरीच्या लोकांनी माणसाच्या तैलग्रंथींच्या पेशींवर प्रयोग केला, तर तेल कमी तयार झालं आणि सूजेचे सिग्नलही कमी झाले.

पण ते सगळं लॅबच्या प्लेटमधल्या पेशींवर. माणसांच्या चेहऱ्यावर आलं की गोष्ट ढिली पडते. २०१९ चा एक इटालियन अभ्यास या ॲडवाले नेहमी पुढे करतात, त्यात २० जण होते, सोरायसिस, एक्झिमा आणि जुने व्रण असलेले, तीन महिने दिवसातून दोनदा सीबीडीचं मलम लावलं आणि स्किन सुधारली. छान, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणजे तेच मलम सीबीडीशिवाय लावलं असतं तर काय झालं असतं हे कळायला मार्ग नाही. तीन महिने रोज न चुकता दोनदा कुठलंही चांगलं मलम चोळलं तरी कोरडी स्किन सुधारतेच की! आणि त्याच वर्षी एका ऑस्ट्रेलियन कंपनीनं मुरमांसाठीच्या सीबीडी औषधाची मोठी ट्रायल केली, त्यात तुलनेला गट होता, तर ज्यांना नुसता बिनसीबीडीचा बेस दिला त्यांचीही मुरमं इतकी कमी झाली की सीबीडीचा वेगळा फायदा सिद्धच करता आला नाही. आमच्या लाइनमधल्या माणसाला यात काडीचंही आश्चर्य वाटत नाही. बेस ही काय चीज आहे ते बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, कारण बेसची ॲड कोण करणार.

आता लेबलची गंमत, आणि हे नीट वाचा कारण पैसे इथेच जातात. भारतात ऑनलाइन हेम्पच्या, म्हणजे त्याच भांगेच्या झाडाच्या, नावाखाली जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच मालात सीबीडी जवळजवळ नसतंच. ते असतं हेम्प सीड ऑइल, बियांचं तेल. बियांमध्ये सीबीडी नसल्यात जमा, ते असतं पानाफुलांवरच्या चिकट दाण्यांत. बियांचं तेल वाईट नाही हां, उलट त्यात निम्म्याहून जास्त लिनोलेइक ॲसिड (एक फॅटी ॲसिड) असतं, ते कोरड्या स्किनला चांगलं, पण मग सूर्यफुलाच्या तेलातही ते भरपूर असतं आणि त्याच्या बाटलीवर कोणी हिरव्या पानाचं चित्र छापून चौपट भाव लावत नाही. लेबलवर कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल लिहिलं असेल तर ते बियांचं तेल. सीबीडी असेल तर कॅनाबिडिओल असं स्पष्ट नाव हवं, किंवा आपल्याकडच्या आयुर्वेदिक मालावर विजया पत्र असं काहीतरी असेल, विजया म्हणजे भांगच.

समोर मोठ्या अक्षरात ५०० एमजी हेम्प एक्स्ट्रॅक्ट लिहिलंय म्हणून भुलू नका, एक्स्ट्रॅक्ट ५०० म्हणजे सीबीडी ५०० असं होत नाही. सीबीडीचा आकडा वेगळा दिला असेल तर साधा हिशोब करा, ३० मिलीच्या बाटलीत ३०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण १ टक्का, आणि ५० मिलीत ५० मिलिग्रॅम म्हणजे ०.१ टक्का, तो नावापुरता. इन्ग्रेडियंट लिस्ट जास्तीकडून कमीकडे लिहायची असते, पण १ टक्का आणि त्याखालचं काहीही कुठल्याही क्रमानं लिहायची मुभा असते, म्हणून कॅनाबिडिओल मधेच दिसलं तरी ते परफ्यूमपेक्षा जास्त आहे असं समजू नका. आणि कंपनीकडे त्या बॅचचा सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला मागा, बाहेरच्या लॅबचा. आमच्याकडे सीओएशिवाय ग्लिसरीनचा ड्रमसुद्धा आत येत नाही, आणि इथे लोक अडीच हजाराची बाटली नुसतं पॅकेजिंग बघून घेतात. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी प्रॉडक्ट तपासली होती, त्यातल्या जेमतेम ३१ टक्क्यांवर लिहिलेलं प्रमाण बरोबर निघालं. ती तेलं वगैरे होती, क्रीम नव्हती, पण माल त्याच बाजारातला.

लीगलचं म्हणाल तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात चरस आणि गांजा येतो, गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून बाहेर ठेवल्यात. त्याच फटीतून इथला सगळा धंदा चालतो. पानांपासून बनवलेला माल आयुर्वेदिक लायसन्सवर निघतो, त्यावर लायसन्स नंबर असतो तो बघून घ्या, आणि पोटात घ्यायचं विजया तेल असेल तर त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. बियांच्या तेलाला तर २०२१ पासून एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, खाण्यातही परवानगी दिलीये. बाहेरच्या ब्रँडचं क्रीम असेल तर इम्पोर्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लेबलवर पाहिजे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये नाहीतर एखाद्या इन्स्टा पेजवर फॉरेनचा माल म्हणून जे मिळतं त्यावर हे काहीच नसतं, तिथे हातही लावू नका.

आणि कोणाची चुलत बहीण अमेरिकेतून येताना आणणार असेल तर नकोच म्हणा. तिकडे २०१८ च्या कायद्यानं ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेल्या हेम्पला मुभा दिली, पण ते फुलांपासूनही काढलेलं असतं, आपल्या कस्टमला ते कसं समजावणार? वाटेत सिंगापूर असेल तर अजूनच वाईट, तिथे सीबीडीलाही सरसकट बंदी आहे. एका क्रीमसाठी एवढा ताप कोणी सांगितलाय.

आता तुमच्या स्किनबद्दल, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. सेन्सिटिव्ह हे नाव आपण कशालाही देतो. नाकाच्या बाजूला, भुवयांत लाल होऊन पापुद्रे निघतात आणि डोक्यात कोंडाही आहे, तर ते सेबोरिक डर्मटायटिस असू शकतं, त्याला अँटीफंगल लागतं, तेलकट बाम चोळून उलट वाढू शकतं. कपाळावर टिकलीच्याच जागी खाज असेल तर टिकलीच्या गोंदाची ॲलर्जी बघा, पुढे तिथे पांढरा डागही पडू शकतो. हेअर डाय केल्यावर कानामागे आणि मानेवर उठत असेल तर डाय. यातल्या कशावरही सीबीडी हे उत्तर नाही.

आणि मुंबईतला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे ती गोरेपणाची किंवा खाजेची ट्यूब, जी शेजारच्या काकू देतात किंवा मेडिकलवाला न विचारता देतो. त्यात स्टेरॉइड असतं. २०१८ मध्ये सरकारनं अशा बऱ्याच क्रीमची विनाचिठ्ठी विक्री बंद केली, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हालाही माहितीये. ती लावली की आठवड्यात चेहरा चकाचक, बंद केली की आग, लाली, पुरळ, मग परत तीच ट्यूब, आणि हे वर्षभर चाललं की कातडी पातळ होते आणि मग साधं पाणीसुद्धा चुरचुरतं. तुम्ही लिहिलंय ना काहीही लावलं की चुरचुरतं, ते वाचून मला पहिली शंका हीच आली. असं काही लावत असाल तर अचानक बंदपण करू नका, डॉक्टरला दाखवून हळूहळू सोडवावं लागतं.

तसं काही नसेल आणि नुसतीच कुरकुरी स्किन असेल तर मी काय करते ते सांगते. सगळी सीरम, स्क्रब, टोनर, लिंबू-बेसन, मुलतानी माती एकदम बंद. सकाळी नुसतं पाणी, रात्री बिनवासाचं सौम्य क्लीन्झर, अंग ओलसर असतानाच सेरामाइड किंवा ग्लिसरीनवालं साधं मॉइश्चरायझर, दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. महिना दीड महिना हेच, कंटाळा आला तरी. ओट्स, म्हणजे कोलॉइडल ओटमील (अगदी बारीक दळलेले ओट्स) असलेलं क्रीम मिळालं तर खाजेला सीबीडीपेक्षा त्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये घामच स्किनला झोंबतो, ट्रेनमधून उतरल्यावर ऑफिसच्या एसीत जाऊन घाम तसाच वाळवण्याआधी साध्या पाण्यानं तोंड धुवा, रुमालानं घासू नका, टिपा. तुमच्या बिल्डिंगमध्ये टँकर किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर तेही बघा, जड पाण्यात फेसवॉश नीट निघत नाही आणि स्किन ओढल्यासारखी होते, आमच्या वसई-विरारकडे हा रोजचा रडका विषय आहे.

एवढं करून चुरचुर थांबली आणि तरीही सीबीडी ट्राय करायचंच असेल तर करा, हौसेला मोल नसतं. फक्त असं बघा की त्यात परफ्यूम नको, आणि लॅव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट असली इसेन्शियल ऑइल तर अजिबात नकोत, कारण या सीबीडीवाल्यांना नॅचरल दिसायचं असतं म्हणून ते हमखास तीच घालतात, आणि सेन्सिटिव्ह स्किन बिघडायला तीच पुरतात. उघड्या डबीपेक्षा पंपाची गडद बाटली घ्या, उजेडानं आणि हवेनं सीबीडी खराब होतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एका छोट्या जागी आठवडाभर रोज दोनदा लावा, एका रात्रीची टेस्ट पुरत नाही, ॲलर्जी उठायला काही दिवस लागू शकतात. मग जबड्याच्या कडेला, मग चेहऱ्यावर. आणि तेव्हा दुसरं काहीही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशानं काय झालं कळणारच नाही. प्रेग्नंट असाल किंवा बाळाला पाजत असाल तर हे सगळं राहूच द्या.

खाजेनं झोप मोडत असेल, पुरळातून पाणी सुटत असेल, किंवा डोळ्यांभोवती सूज येत असेल तर क्रीमच्या शोधात वेळ घालवू नका. प्रायव्हेट स्किनवाल्याची फी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, कुठेही स्किन ओपीडी आहे. केस पेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर जा, आणि घरात चेहऱ्याला लावायच्या जेवढ्या ट्यूब, डब्या, अगदी काकूंनी दिलेलीसुद्धा, त्या सगळ्या पिशवीत घालून न्या, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारतात आणि आयत्या वेळी नावं आठवत नाहीत.