२ आणि ३ च्या घातांच्या वजाबाकीतून न मिळणारी सर्वांत लहान विषम संख्या कोणती?

घातांक ० चालत असेल तर उत्तर ९. पण ते जरा फुकटचं आहे: ३ च्या पटीतली संख्या २^अ − १ अशीच मिळू शकते, म्हणजे ३, १५, ६३ वगैरे. ९ आणि २१ तिथेच गळतात.

खरी मजा मूळ संख्यांमध्ये. ११ = २७ − १६, १७ = ८१ − ६४, २३ = ३२ − ९, ३७ = ६४ − २७; असं सुरळीत चालतं आणि ४१ ला गाडी अडते.

का? समजा २^अ − ३^ब = ४१. मग २^अ हा ४१ पेक्षा मोठा, म्हणजे ८ ने भागला जाणारा. त्यामुळे ३^ब ला ८ ने भागल्यावर बाकी ७ उरायला हवी. पण ३ च्या घातांची बाकी १ किंवा ३ च असते. संपलं.

उलट बाजू, ३^ब − २^अ = ४१. अ = ० किंवा १ घेतल्यास ४२ आणि ४३ येतात, ते ३ चे घात नाहीत. अ किमान २ असेल तर ४ ने भागून ब सम ठरतो आणि ३ ने भागून अ सम. आता डावी बाजू दोन वर्गांची वजाबाकी झाली, तिचे अवयव पाडा. ४१ मूळ, म्हणून अवयव १ आणि ४१ च. त्यांची बेरीज निम्मी केली की २१, आणि २१ काही ३ चा घात नाही.

३ च्या पटी वगळल्या तर मात्र पहिला नंबर ३५ चा लागतो. तिथे उलट बाजूला ५ ने भागून बाकी बघावी लागते.