फेज थेरपी खरंच चालते का? ती अँटिबायोटिकची जागा घेईल का?

चालते. पण जागा घेईल म्हणाल, तर मला तसं वाटत नाही.

काकांच्या पायाच्या जखमेच्या कल्चर रिपोर्टमध्ये (जखमेतला जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीत) जवळजवळ प्रत्येक औषधापुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही, असं आलंय, हे तुम्ही लिहिलंय. अशा वेळी फेजची आशा वाटणं साहजिक आहे. फेज म्हणजे जिवाणूंवर जगणारा विषाणू. जिवाणूच्या आत शिरून तो आपली संख्या वाढवतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशीत तो वाढत नाही. संसर्ग करणाऱ्या जिवाणूंना मारायला तो औषधासारखा वापरायचा, ही फेज थेरपी.

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. प्लेटमधल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) रुग्णाचे जिवाणू पसरायचे, वर गाळलेल्या सांडपाण्याचा थेंब टाकायचा आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. त्यात योग्य फेज असेल, तर सकाळी जिवाणूंच्या धुरकट थरात थेंबाच्या जागी आरपार स्वच्छ गोल दिसतो, म्हणजे तिथले जिवाणू मेलेले असतात. शेजारी दुसऱ्या रुग्णाची प्लेट असते. जिवाणू त्याच जातीचा, थेंबही तोच, पण थर जसाच्या तसा. सगळी मेख इथे आहे. प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूला लागू पडणारा फेज शोधावा लागतो.

लंडनमध्ये उपचार घेतलेल्या एका १५ वर्षांच्या मुलीचं उदाहरण बघा. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजारामुळे तिची दोन्ही फुप्फुसं बदलली होती, आणि त्यानंतर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस नावाचा चिवट जिवाणू अंगभर पसरला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे फेज-संशोधक ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे फेजचा प्रचंड साठा आहे, तरी त्यातून तिच्यासाठी तीनच निवडता आले. त्यातला ‘मडी’ नावाचा फेज दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमध्ये एका सडक्या वांग्यावर सापडलेला! बाकीचे दोन मूळ रूपात जिवाणूला न मारता त्याच्या आतच दडून बसायचे, म्हणून त्यांच्या जीनमध्ये बदल करावे लागले. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फेज दिल्यावर तिची छातीवरची ऑपरेशनची जखम बुजली, लिव्हरचं काम सुधारलं, त्वचेवरच्या गाठी बऱ्याच ओसरल्या.

अपयशही आहे. युरोपात भाजलेल्या जखमांवर ‘फेगोबर्न’ नावाची चाचणी झाली. तयार केलेल्या फेजची ताकद साठवणीत घटली, रुग्णांना ठरल्यापेक्षा फारच कमी डोस मिळाला आणि नेहमीचं मलमच सरस ठरलं.

बेल्जियमच्या संशोधकांच्या गटाने २०२४ मध्ये फेज थेरपी घेतलेल्या १०० रुग्णांची माहिती मांडली. सुमारे ७७ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली आणि ६१ टक्क्यांत तो जिवाणू नाहीसा झाला. तुलनेसाठी फेज न दिलेल्या रुग्णांचा गट नव्हता, त्यामुळे हे आकडे जपूनच घ्यायचे. पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फेजच्या जोडीला अँटिबायोटिक नव्हतं, तिथे जिवाणू नाहीसा होण्याची शक्यता बरीच कमी होती. म्हणून काकांची चालू औषधं बंद करू नका, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बाटल्या मागवून जखमेवर ओतू नका.

संसर्गजन्य आजारांच्या तज्ज्ञाला एकदा दाखवा. आणि आजच लॅबला फोन करून काकांचा जिवाणू डीप फ्रीझरमध्ये जपून ठेवायला सांगा. रिपोर्ट गेला की प्लेटा सहसा टाकून देतात, आणि पुढे कधी फेज जुळवून बघायची वेळ आली तर हाच जिवाणू लागेल.