स्टुटगार्टला येताय? मग आधी जेवणाचं टेबल घ्या

सलाम. तुझं पत्र मोठं होतं, त्यामुळे हे उत्तरही मोठंच होणार.

तुझ्या नवऱ्याला स्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे आणि मार्चमध्ये तुम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि धाकटा असे पुण्याहून निघणार आहात. व्हिसा, घरभाडं, विमा यातलं तू काहीच विचारलं नाहीस, बरं केलंस. ते सांगणारे पुष्कळ भेटतील. तू विचारलंस की तिकडची चर्चेस रिकामी असतात असं ऐकलंय, मग मुलं विश्वासात कशी वाढवायची? सासूबाई म्हणतात, पैसा येईल पण प्रार्थना जाईल. आणि अगदी शेवटी लिहिलंस, ‘मावशी, तुम्ही तिथं आनंदात आहात का?’

शेवटचं आधी. हो, आहोत. पण नगरला जशा आनंदात होतो तशा नाही.

नगरला विश्वास सांभाळायला मला वेगळं काही करावंच लागलं नाही. तिथं अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या गल्ल्याच्या गल्ल्या आपल्या लोकांच्या. रविवारी घंटा झाली की निघायचं. बुधवारी कुणाच्या तरी घरी सभा, महिला संघाची आपली बैठक, कुणी दवाखान्यात असलं की पाळकसाहेब पोचायच्या आत चार बायका डबा घेऊन हजर. नाताळात कॅरलवाली पोरं रात्री दोनला ढोलकी बडवत दारात. मी प्रार्थना करत होते की आजूबाजूचे लोक मला प्रार्थनेत बसवत होते, हे तिथं असताना कधी कळलं नसतं.

इथं बसवणारं कुणी नाही. जर्मनीत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही मोठ्या मंडळ्यांचे सभासद मिळून आता लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी आहेत, आणि सभासद असलेलेही सगळे उपासनेला येतात असं नाही. आमच्या चर्चमध्ये एरवीच्या रविवारी पुढची बाकं मोकळी, मागच्या बाकांवर आजी-आजोबा. २४ डिसेंबरला दुपारी मात्र मुलांची गव्हाणीची नाटिका असते तेव्हा उभं राहायला जागा नसते. तेव्हा तू ऐकलंस ते खरं आहे. सासूबाईंची भीतीही खोटी नाही. फक्त पैसा आल्यामुळे प्रार्थना जाते असं मला दिसलं नाही. प्रार्थना जाते ती संध्याकाळी सगळे वेगवेगळ्या वेळी जेवायला लागल्यामुळे.

म्हणून म्हणते, सोफा, टीव्ही मागून घ्या. जेवणाचं टेबल आधी. दुपारी नवरा कँटीनमध्ये, मुलं बालवाडीत, तू कुठंतरी सँडविच खात. एकत्र असं एकच जेवण, संध्याकाळचं. इथले लोक सहाच्या सुमारास गार पाव, चीज, काकडी असं खातात. आम्ही साडेसहाला गरम भाजी-भाकरी. (ज्वारीचं पीठ मिळतं. मिरच्या भाजताना खिडकी उघड, प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतो आणि तो शेजाऱ्यांच्या आधी देवाला हाक मारतो.) फोन दुसऱ्या खोलीत. जेवणाआधी आभार, मराठीत, पाळीपाळीने. जेवण झाल्यावर उष्टी ताटं तशीच ठेवून एक वचन वाचायचं, आणि प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक गोष्ट सांगायची. चांगली असो, वाईट असो. मग प्रार्थना. सगळं मिळून दहा मिनिटं.

वचन कुठलं, यावरही घरात वाद होऊ शकतात, म्हणून तो प्रश्न आम्ही दुसऱ्यावर सोडला आहे. जर्मनीच्या पूर्वेला हेर्नहुट नावाचं गाव आहे. तिथली मोरावियन नावाची प्रोटेस्टंट मंडळी वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी बायबलच्या जुन्या करारातलं एक वचन चिठ्ठ्या काढून ठरवते, त्याला जुळेल असं नव्या करारातलं एक निवडते आणि त्याची छोटी पुस्तिका छापते. १७३१ पासून हे चालू आहे. इथल्या पुष्कळ प्रोटेस्टंट घरांत ती सापडते. मुलं जर्मनमध्ये वाचतात, मी तेच वचन मराठी बायबलातून. मुलांचं मराठी वाचन सुरुवातीला या एका वचनावर टिकलं, हा वरचा फायदा. वचन कधी अगदी त्या दिवसासाठी काढल्यासारखं येतं, आणि कधी एदोमी लोकांविषयी काहीतरी येतं आणि आम्ही एकमेकांची तोंडं पाहतो. तेही चालतं. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सांगितलंय ना, घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोल. त्यात चर्चचा उल्लेखही नाही.

आता विश्वासाचं. तो शब्द आपण मंडळीत फार स्वस्तात वापरतो. २००९ साली इथल्या मोटार उद्योगावर मंदी आली तेव्हा माझ्या मिस्टरांच्या कंपनीने काम कमी केलं. इथं अशा वेळी एकदम काढून टाकत नाहीत. कामाचे तास कमी करतात आणि बुडालेल्या निव्वळ पगारातला साठ टक्के, घरात मूल असेल तर सदुसष्ट टक्के भाग सरकारी बेरोजगारी निधीतून मिळतो. म्हणजे उपाशी मरत नाही माणूस. पण आमचा राहण्याचा परवाना तेव्हा नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली असती तर सामान बांधावं लागलं असतं. घरात आम्ही दोघं मुलांसमोर कुजबुजत होतो. एक दिवस टेबलावर मुलगा म्हणाला, बाबांचं काम संपलं का? माझी सवय होती तशी मी म्हणणार होते की काही नाही रे, तू जेव. मिस्टरांनी त्या रात्री प्रार्थनेत सरळ सांगितलं, प्रभू, मला भीती वाटते आहे. मुलांनी बापाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. पुढे कितीतरी महिने तीच प्रार्थना, थोड्याफार फरकाने. काम पुढे पूर्ववत झालं, पण प्रार्थनेमुळे ऑर्डरी आल्या असं मी तुला सांगणार नाही, कारण त्याच खात्यातल्या, तितकीच प्रार्थना करणाऱ्या एका केरळी कुटुंबाला परत जावं लागलं. माझ्या सासऱ्यांना बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय पाठ होता. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. नगरच्या दुष्काळात गोठा खरोखर रिकामा झालेला पाहिलेला माणूस तो. मला वाटायचं की म्हातारपणी सगळेच असं काहीतरी म्हणतात. त्या वर्षी तो अध्याय आमच्याही उपयोगाला आला. मुलांसमोर खरी प्रार्थना करा एवढंच सांगते. गोड गोड प्रार्थना मुलं लगेच ओळखतात.

रविवारची मात्र मजा आहे. दुकानं बंद. मॉल बंद. वॉशिंग मशीन लावलं तर खालची आजी वर येते. इथल्या राज्यघटनेत रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे. १९१९ च्या घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेत तसंच घेतलं आहे. चर्चला न जाणारा माणूससुद्धा रविवारी कुटुंबाला घेऊन जंगलात फिरायला जातो. पहिले काही महिने तुला हे जाचेल, शनिवारी दूध आणायचं राहून जाईल. नंतर लक्षात येईल की आपल्याला शब्बाथ शाळेत जे पाठ करून घेतलं ते इथं आयतं मिळतंय. सकाळी उपासना, दुपारी मटण, मग चालायला. नगरला रविवारी आम्ही चर्च सुटलं की बाजारात असायचो!

तू लिहिलंस की रविवारी पुण्याच्या चर्चची उपासना फोनवर लावू आणि महिन्यातून एकदा दूरच्या भारतीय फेलोशिपला जाऊ. महिन्यातून एकदा जरूर जा, मराठी-हिंदी गीतं गळा मोकळा करून गा, बिर्याणी खा. फोनवरची उपासना मात्र बंद कर. तू सोफ्यावर बसून ऐकशील आणि मुलं खेळतील, आणि त्यांच्या मनात बसेल की देव पुण्याला राहतो. भाषा येत नसली तरी चालत जाता येईल त्या चर्चला जा. मुलं बालवाडीत जर्मन तुझ्याआधी शिकतील आणि तुझ्या कानात अर्थ सांगतील. बालवाडीही पुष्कळदा चर्चचीच असते. जागा मिळेल तिथे नाव घालावं लागतं हे खरं, पण चर्चच्या बालवाडीत नाव आधी टाका. ११ नोव्हेंबरच्या सुमारास संत मार्टिनच्या आठवणीत मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत फिरतात, आपल्या आकाशकंदिलाच्या दिवसांतच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीचा सण असतो. वेदीपुढे भोपळे, कोबी, सफरचंदं, पाव. फक्त आपल्यासारखा नंतर लिलाव होत नाही, सगळं गरजूंना जातं. एका लिंबाची बोली वाढवत नेणारे आपले काका लोक मला त्या दिवशी फार आठवतात.

आमच्या पाळक बाई आहेत. पाळकांच्या पत्नी नव्हे, स्वतः पाळक. सासूबाईंना हे हळूहळू सांग.

पैशाचं आता, कारण हे कुणी आधी सांगत नाही आणि मग पगाराची पावती बघून लोक हबकतात. घरात राहायला गेल्यावर चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथं प्रोटेस्टंट असं लिहिलंत की चर्चचा कर सुरू होतो आणि तो पगारातून परस्पर कापला जातो. स्टुटगार्टच्या राज्यात आणि बव्हेरियात तो आयकराच्या आठ टक्के, बाकी जर्मनीत नऊ. पगाराच्या नव्हे, आयकराच्या. महिन्याला सहाशे युरो आयकर बसत असेल तर अठ्ठेचाळीस युरो, आणि मुलं असली की हिशेबात सूट मिळून आणखी कमी. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला देण्याची सवय असलेल्याला हे काहीच नाही. पुष्कळ भारतीय ख्रिस्ती तो रकाना रिकामा सोडतात आणि मग रविवारी त्याच चर्चच्या गरम केलेल्या हॉलमध्ये फेलोशिप भरवतात. मला ते पटत नाही. मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे स्वतंत्र मंडळ्यांत हा कर नसतो, त्या दानावर चालतात. तिकडे जायचं असेल तर तसं ठरवा, पण ठरवून. आपल्या सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) इथं कुठं बसतं हे विचारायला पत्ता नोंदवण्याआधी जवळच्या पाळकांना एकदा भेटून या.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तो चर्चच्या सेवाकार्यातला. या सेवाकार्याच्या मुळाशी जे लोक होते त्यात योहान हिन्‍रिश विखेर्न नावाचे एक गृहस्थ होते. हॅम्बुर्गला गरीब मुलांचं घर चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी असं मुलं सारखी विचारायची म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक लहान आणि रविवारची एक मोठी. त्यातूनच आजचं चार मेणबत्त्यांचं आगमनकाळाचं, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचं, चक्र आलं. तू पहिल्याच वर्षी ते आण. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते आणि मुलं ती लावण्यासाठी भांडतात. त्याच टेबलावर करंज्या भरायला घे, मुलांना कातणं दे. शेजारणी घरची नाताळ बिस्किटं घेऊन येतील, तू करंज्यांचं ताट परत पाठव. मला इथल्या जिन्यातली पहिली मैत्रीण त्या ताटामुळे मिळाली. त्याआधी जिना झाडायच्या पाळीवरून आमचं नुसतंच बोलणं व्हायचं, आणि ते काही ख्रिस्ती प्रीतीचं नव्हतं.

मोठ्या मुलांविषयीही सांगते, कारण तुझी आज लहान आहेत. शाळेत धर्माचा तास असतो, मार्क असतात, आणि चौदाव्या वर्षी मुलाला तो सोडायचा कायदेशीर हक्क मिळतो. दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास मुलाने स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, वर्गही त्याच सुमाराला, बहुतेक बुधवारी दुपारी. माझ्या मुलाने दृढीकरण आनंदाने घेतलं. मुलीने तेही घेतलं आणि पुढच्याच वर्षी धर्माचा तास सोडून नीतिशास्त्र घेतलं. नगरच्या नातेवाइकांनी मला फोनवर बरंच ऐकवलं. आम्ही तिला अडवलं नाही. जेवणाचं टेबल मात्र सर्वांना सारखं होतं. तिचे मित्रमैत्रिणी जेवायला आले की हात थांबवून आभार मानायला तीच सांगायची, तेही मराठीत, आणि अर्थ विचारला तर सांगायची. आज ती चर्चला फारशी जात नाही. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते आणि तिला ते माहीत आहे. यापुढचं माझ्या हातात नाही. हे मान्य करायला मला नोकरीच्या प्रश्नापेक्षा जास्त विश्वास लागला.

येताना सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणि तुमचा लग्नाचा दाखला बरोबर ठेवा, बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत. मूळ प्रती आणा. पाळकांचं एक इंग्रजी पत्रही घ्या. गीतांची पुस्तकं दोन आणा. एक कायम कुणाच्या तरी घरी राहतं.

आणि सासूबाईंना कामाला लाव. रविवारी संध्याकाळी इथल्या पाच वाजता त्यांनी फोनवर प्रार्थना चालवायची, गीत त्यांनीच निवडायचं. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात साडेनऊ वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेआठ. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं बदलतात, ते त्यांना शनिवारीच सांगून ठेव, नाहीतर ऑक्टोबरात त्या तासभर आधी चष्मा लावून बसतील आणि मग तुला प्रार्थनेआधी बोलणी खावी लागतील.