तुम्ही विचारलं : पेप्टाइड बनतं कसं अन् टिकतं कसं

मागच्या अंकात इन्सुलिन हे पेप्टाइड आहे असं एक वाक्य येऊन गेलं होतं, त्यावरून बरीच पत्रं अन् मेसेज आले. त्यातले पाच घेतलेत, नावं देत नाही कारण काहींनी घरचं दुखणं लिहिलंय. ज्यांना विषयच नवा आहे त्यांच्यासाठी एवढं पुरे: अमिनो ॲसिड नावाचे छोटे रेणू एकापुढे एक जोडले की पेप्टाइड होतं, ही साखळी खूप लांब झाली की त्याला प्रोटीन म्हणतात, अन् शरीरातले कितीतरी निरोप अशाच साखळ्या इकडून तिकडे नेतात.

प्रश्न : माझा पोरगा एम.एस्सी. केमिस्ट्री करून हैदराबादले एका कंपनीत लागला. फोनवर विचारलं काय काम करतं रे, तं म्हणते पेप्टाइड बनवतो, आज सतरावं जोडलं, उद्या अठरावं. एक एक जोडायले एवढा वेळ काहून लागते? अन् त्यात धोका आहे काय? — एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचा पोरगा बरोबर सांगून राहिला, हे काम असंच आहे, घाई केली की सगळं वाया जातं.

प्रत्येक अमिनो ॲसिडला दोन टोकं असतात, एक अमाइनचं अन् एक ॲसिडचं. एकाचं ॲसिडचं टोक दुसऱ्याच्या अमाइनला जोडायचं, कागदावर काम एवढंच. पण भांड्यात दोन अमिनो ॲसिड नुसती टाकली तर कोण कोणाला चिकटेल याचा काही नेम नाही, म्हणून जे टोक आत्ता जुळायला नको ते आधी झाकून ठेवावं लागतं, जोडणी झाली की झाकण काढायचं, मग पुढचं. एमिल फिशर यांनी 1901 मध्ये ग्लायसिन नावाची दोन अमिनो ॲसिड जोडून साधं पेप्टाइड बनवलं तेव्हापासून हे चालू आहे. 1953 मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन (बाळंतपणात कळा आणणारं अन् पान्हा सोडवणारं संप्रेरक) प्रयोगशाळेत तयार केलं, फक्त नऊ अमिनो ॲसिडचं, तरी त्या काळी काम एवढं मोठं होतं की 1955 चं नोबेल त्यांना मिळालं. अडचण अशी की प्रत्येक पायरीनंतर माल वेगळा काढा, शुद्ध करा, थोडा सांडणार थोडा चिकटून राहणार, असं करता करता शेवटी हातात चिमूटभर उरायचं.

ती अडचण सोडवली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या ब्रूस मेरिफिल्ड यांनी, 1963 मध्ये. त्यांनी पहिलं अमिनो ॲसिड पॉलिस्टायरिन रेझिनच्या बारीक दाण्याला पक्कं जोडून टाकलं. गाय खुंट्याला बांधून धुतली की पाणी अन् घाण वाहून जाते अन् गाय जागेवर राहते, तसंच. आता रसायन हवं तेवढं जास्तीचं टाका, काम झालं की गाळून धुवून काढा, साखळी दाण्यालाच चिकटलेली. मला विचाराल तर रसायनशास्त्रात इतकी सोपी अन् इतकी कामाची कल्पना क्वचितच कोणाला सुचली असेल. 1984 चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. त्याआधी 1969 मध्ये त्यांनी बर्न्ड गुट्टे यांच्यासोबत 124 अमिनो ॲसिडचं रायबोन्यूक्लिएज नावाचं एन्झाइम (शरीरातल्या क्रिया घडवून आणणारं प्रोटीन) याच पद्धतीने बनवलं होतं, त्याला 369 रासायनिक क्रिया अन् 11,931 पायऱ्या लागल्या.

तुमचा पोरगा बहुतेक एफमॉक पद्धतीने करत असेल. एफमॉक हे ते झाकण. डीएमएफ नावाच्या द्रावकात पिपरिडिन हे रसायन टाकून ते काढायचं, धुवायचं, पुढचं अमिनो ॲसिड ॲक्टिव्हेटर (जोडणीला चालना देणारं रसायन) घालून जोडायचं, पुन्हा धुवायचं. मग थोडे दाणे काढून निनहायड्रिन या तपासणीच्या रसायनासोबत गरम करून पाहायचे, निळे झाले म्हणजे काही साखळ्यांना अजून जुळलेलं नाही, पुन्हा करा. हा निळा रंग पाहूनही पुढे गेलं तर काय होतं ते हिशेबाने पाहा: दरवेळी 99 टक्के जुळलं तरी 30 जोडण्यांनंतर बरोबर साखळी साधारण 74 टक्के उरते, अन् दरवेळी 95 टक्केच जुळलं तर फक्त 21 टक्के. बाकी सगळं एखादं अमिनो ॲसिड सुटलेलं, जवळजवळ सारखंच दिसणारं, वेगळं करायला महा कठीण. म्हणून तो रोज एक एक करून राहिला. शेवटी टीएफए हे जहाल आम्ल टाकून साखळी दाण्यावरून सोडवतात, थंड ईथरमध्ये पांढरा साका खाली बसतो, तो एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर शुद्ध करतात अन् मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन बरोबर आलं की मगच समाधान.

धोक्याचं विचारलंत ते बरं केलं. टीएफए अंगावर पडलं तर खोलवर जाळतं, अन् डीएमएफ कातडीतून आत शिरतं, लिव्हरला वाईट, गरोदर बाईने तर त्याच्या जवळही नको. हातमोजे, चष्मा अन् चालू असलेलं फ्यूम हूड (विषारी वाफ बाहेर ओढणारं कपाट), या तीन गोष्टी रोज आहेत का, हे त्याला फोनवर नक्की विचारा अन् लाजू नका.

प्रश्न : गाय फळत नव्हती तं डॉक्टरनं रेतन करताना ब्युसेरेलिनचं इंजेक्शन देल्लं. गावातले म्हणतात हे तेच दूध सोडवायचं इंजेक्शन, दूध खराब होते. खरं आहे का? — एक कास्तकार, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही भाऊ, दोन्ही वेगळे. पान्हा सोडवायला लोक चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन, अन् त्या सवयीच्या मी पूर्ण विरोधात आहे, रोज टोचून त्या मुक्या जनावराचे हाल होतात.

ब्युसेरेलिन म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या जीएनआरएच नावाच्या दहा अमिनो ॲसिडच्या साखळीचा बदललेला भाऊ. मूळ साखळी रक्तात काही मिनिटांतच तुटते, कारण शरीरातली एन्झाइमं तिला सहाव्या जागेच्या आजूबाजूला कापतात. केमिस्ट लोकांनी तिथलं ग्लायसिन काढून सेरिन बसवलं, पण नेहमीचं नाही, आरशातल्यासारखं उलटं, ज्याला डी रूप म्हणतात, अन् त्यावर आणखी एक जाडजूड गट चढवला. निसर्गातली प्रोटीनं जवळपास सगळी एल रूपाची, एन्झाइमही त्यालाच सरावलेलं, उलट्यावर त्याची पकडच बसत नाही. शेपटाचं दहावं ग्लायसिनही काढून तिथे इथाइलअमाइड नावाचा छोटा गट लावला. एवढ्या बदलाने औषध जास्त टिकतं अन् निरोप जास्त जोरात पोचतो, बीज वेळेवर सुटायला मदत होते. गायीला मात्रा 10 ते 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा लाखावा हिस्सा, त्यातलं काही दुधात उतरलंच तरी माणसाच्या पोटात ते पचूनच जातं. दुधाची काळजी करू नका, फक्त सुई डॉक्टरच्याच हातची असू द्या, घरच्या बाईमाणसाने भरायची नाही.

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात उन्हाळ्यात लाइट जाते, फ्रिज बंद पडते, ऑक्सिटोसिन खराब झालं असेल काय याची बाळंतपणात भीती वाटते. न बिघडणारं औषध नाही का? — एक सिस्टर, जि. चंद्रपूर

उत्तर : सिस्टर, तुमची भीती अगदी रास्त आहे, 45-46 डिग्रीत जिथे माणूस टिकत नाही तिथे ऑक्सिटोसिन काय टिकणार, त्याला 2 ते 8 डिग्रीच लागतात. बिघडलेलं इंजेक्शन दिसायला पाण्यासारखं स्वच्छच राहतं, हीच मोठी पंचाईत.

ऑक्सिटोसिनमध्ये पहिल्या अन् सहाव्या जागेवरची सिस्टिन नावाची अमिनो ॲसिडं गंधकाच्या जोडाने एकमेकांना धरून कडं बनवतात. हा गंधक-गंधक जोड नाजूक. तुम्ही विचारता तसं जास्त टिकणारं औषध म्हणजे कार्बेटोसिन, ऑक्सिटोसिनचाच बदललेला भाऊ; त्यात या दोनपैकी एका गंधकाच्या जागी कार्बन बसवला, पुढचा अमाइन काढून टाकला अन् टायरोसिन या अमिनो ॲसिडवर मिथाइल नावाचा एक छोटा गट चढवला. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच राहतं, कार्बेटोसिनचं अर्धं आयुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 40 मिनिटं. त्यात उष्णतेला टिकेल असं द्रावण बनवलं तर 30 डिग्रीला ते वर्षानुवर्षं राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात 10 देशांतल्या जवळपास 30,000 बायकांवर दोन्हींची तुलना झाली, भारतही त्यात होता, 2018 मध्ये निकाल आला की बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला हे ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडत नाही, अन् 2019 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. पण ध्यानात ठेवा, हे फक्त बाळ झाल्यावर द्यायचं, कळा आणायला अजिबात नाही. अन् 30 म्हणजे 30, बंद खोलीतल्या पत्र्याखालच्या कपाटात तेही ठेवू नका. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे हे औषध आधी पोचायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, तुम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. तोवर लाइट गेली की आइस पॅकचा बॉक्स अन् तापमानाची नोंद, याला पर्याय नाही.

प्रश्न : शुगरसाठी मला आठवड्याला एकच इंजेक्शन, सेमाग्लुटाइड, लिहून दिलं. मित्राला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. हे आठवडाभर कसं पुरतं? — निवृत्त शिक्षक, काटोल

उत्तर : गुरुजी, आधी एक सांगतो, हे इन्सुलिनच्या बदल्यातलं औषध नाही, मित्राने आपलं बंद करून तुमचं घेऊ नये.

आतड्यातून जीएलपी-1 नावाचं पेप्टाइड निघतं, ते जेवणानंतर स्वादुपिंडाला जागं करतं, पण दोनेक मिनिटांतच डीपीपी-4 हे एन्झाइम त्याची पुढची दोन अमिनो ॲसिड छाटून टाकतं. (टेनेलिग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्या याच एन्झाइमला अडवतात.) सेमाग्लुटाइडमध्ये दुसऱ्या जागेवरचं ॲलानिन काढून आयब नावाचं अमिनो ॲसिड बसवलंय, फरक फक्त एका जादा मिथाइलचा, पण तेवढ्याने एन्झाइमला तिथे कापता येत नाही. शिवाय मधल्या लायसिनवर 18 कार्बनची चरबीची शेपटी टांगली आहे, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला धरून राहते, त्यामुळे औषध किडनीतून लवकर निघून जात नाही. साखळीचा मोठा भाग यीस्टकडून बनवून घेतात, पण आयब यीस्टला जोडता येत नाही, तेवढा पुढचा तुकडा अन् ती शेपटी केमिस्ट जोडतात.

अन् हे आयब तुमच्या वावरात आधीपासून आहे! तुरीच्या मर रोगासाठी बियाण्याला आपण जी ट्रायकोडर्मा चोळतो, ती बुरशी अलामेथिसिनसारखी पेप्टाइडं बनवते, त्यात आयब ठासून भरलेलं असतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पद्मनाभन बलराम यांनी कितीतरी वर्षं याच आयबच्या पेप्टाइडांवर काम केलं, आयब आलं की साखळी पीळ धरते हे त्यांच्या कामातून नीट कळलं. औषधातलं आयब अर्थात कारखान्यात तयार होतं, बुरशीतून काढत नाहीत, म्हणून ट्रायकोडर्मा बियाण्यापुरतीच ठेवा.

प्रश्न : जिममधल्या मित्राने बीपीसी-157 ची व्हायल ऑनलाइन मागवली, खांद्याच्या दुखण्यासाठी. लेबलवर 99 टक्के शुद्ध अन् फक्त संशोधनासाठी लिहिलंय. घेऊ का? — वय 22, अमरावती

उत्तर : नको. हे 15 अमिनो ॲसिडचं पेप्टाइड आहे, जे काही दाखवतात ते बहुतांश उंदरांवरचं, माणसासाठी औषध म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजूर केलेलं नाही, अन् खेळाडूंसाठी वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने 2022 पासून बंदी घातली आहे. ते 99 टक्के एचपीएलसीवरचं असतं, खरं असलं तरी त्यातून एवढंच कळतं की बाकीची पेप्टाइडं थोडी आहेत. व्हायल निर्जंतुक आहे का, त्यात जिवाणूंचं एन्डोटॉक्सिन नावाचं विष आहे का, साखळी दाण्यावरून सोडवताना वापरलेलं टीएफए किती उरलं, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही. खांदा हाडांच्या डॉक्टरला दाखवा, फिजिओथेरपी करा. मित्राने आधीच टोचून घेतलं असेल अन् ताप, सूज किंवा पू दिसत असेल तर आजच दवाखान्यात जा, अन् ती व्हायल फेकू नका, लेबलसकट सोबत न्या.