बाटली ओतून कार्बोरेटर साफ होतो का?

प्रश्न : काका, आमच्याकडे सासऱ्यांची २००८ सालची स्प्लेंडर आहे. घरापासून ऐरोली स्टेशन आणि येताना भाजी, एवढेच तिचे काम. जूनमध्ये माझा पाय मोडला आणि गाडी चार महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. दसऱ्याला धुऊन, हार घालून पूजा केली, पण चोक दिल्याशिवाय ती सुरूच होईना आणि चोक काढला की लगेच बंद. दुकानदार म्हणाला, “कार्बोरेटर खोलू नका, ही पेट्रोलमध्ये टाका,” आणि कार्बोरेटर साफ करायच्या औषधाची ४० मिलीची बाटली दिली. एकीने फरक पडला नाही म्हणून दुसरी ओतली. रविवारी चोक अर्धा ओढून मुलुंडला माहेरी निघाले, तर ऐरोली पुलावर गाडी बंद पडली. ढकलत परत आणली. बाटली बनावट होती की माझे काही चुकले?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, बरा झालेला पाय घेऊन तुम्ही पुलावरून गाडी ढकललीत, हे वाचून जीव कळवळला. बाटली बनावट असेलच असे नाही आणि तुमचाही दोष नाही. जे काम त्या बाटलीचे नव्हते, ते तिला सांगितले गेले.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. ‘चोक काढला की लगेच बंद’ एवढ्यावरूनच निम्मे निदान होते. गाडी स्लोला उभी असते, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असते, तेव्हा इंजिनाला पेट्रोल मिळते ते स्लो जेटमधून. पितळेचा छोटासा तुकडा असतो हा, आणि त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. चोक ओढला की हवेची वाट झाकली जाते, इंजिनाची ओढ वाढते आणि ते मेन जेटमधून, म्हणजे वेगात लागणारे पेट्रोल देणाऱ्या मोठ्या जेटमधून, पेट्रोल खेचून कसेबसे चालते. चोक काढल्यावर सगळा भार स्लो जेटवर येतो. तोच तुंबलेला असला तर गाडी बंद पडणारच. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा घुसत असली तरी असेच होते, म्हणून मेकॅनिकला तो जोडही पाहायला सांगा. पण चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत मी आधी जेटच काढीन.

तो तुंबला कसा? कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत अगदी थोडे पेट्रोल असते. त्यातला हलका भाग उडून जातो. उरलेल्याची हवेशी प्रक्रिया होते आणि त्याचा आधी पिवळट, मग तपकिरी डिंक होतो. टाकीतले पेट्रोल अजून बरे असते तेव्हाही वाटीतले शिळे झालेले असते. त्यात आपल्याकडचा पावसाळा आणि ऐरोलीची खाडीकाठची दमट हवा.

दिवाळीआधी माझ्या कळव्याच्या गॅरेजमध्ये अशीच एक गाडी आली होती. वाटी उघडली तर जुन्या लाकडी कपाटाच्या पॉलिशसारखा वास आला. तळाला हिरवट चिकट थर आणि कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब, पेट्रोलखाली मण्यांसारखे इकडून तिकडे घरंगळणारे. स्लो जेट काढून ट्यूबलाइटकडे धरला. चांगल्या जेटमधून उजेडाचा गोल ठिपका दिसतो, अगदी चांदणीसारखा. यातून काहीच दिसले नाही. स्टीलच्या वाटीत कार्बोरेटर क्लीनर घेऊन अर्धा तास जेट भिजवला, विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार हलकेच फिरवली आणि कॉम्प्रेसरची हवा मारली. परत उजेडाला धरल्यावर चांदणी दिसली. चोक न देता गाडी स्लोला उभी राहिली, तेव्हा तिच्या मालकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तीस वर्षे झाली तरी तो क्षण मला जुना होत नाही.

आता बाटलीचे. तिच्यातले औषध पेट्रोलबरोबर वाहत जाते. जिथून पेट्रोलच जात नाही तिथून ते तरी कसे जाणार? मोरीची जाळी केसांनी पूर्ण बुजली असेल तर वरून साबणाचे पाणी ओतून भागत नाही, हात घालावा लागतो. शिवाय ४० मिली औषध आठ-नऊ लिटर पेट्रोलमध्ये किती पातळ होते, ते बघा. पातळ, ताजा थर ते हळूहळू सैल करते, पण कडक झालेला डिंक, गंज, माती, पाणी यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही.

पुलावर जे झाले ते बहुधा दुसऱ्या बाटलीमुळे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला मळ जास्तीच्या औषधाने सुटतो आणि पेट्रोल कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या तोटीच्या, जाळीत किंवा मेन जेटमध्ये येऊन अडकतो. म्हणून बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या वर कधीच जाऊ नका.

उपाय असा. टाकीतले पेट्रोल रिकामे करा, कॉकची जाळी धुवा, कार्बोरेटर उतरवून खोला. मेकॅनिककडे दिलीत तरी शेजारी उभ्या राहा आणि तीन गोष्टी बघा. एक, हवेचा स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत फिरवत बसेपर्यंतचे फेरे मोजले जातात का. दीड की पावणेदोन, जे असेल ते कागदावर लिहून ठेवा, जोडताना तेवढेच हवे. दोन, क्लीनरचा फवारा मारण्याआधी फ्लोट (वाटीतला तरंगता तुकडा) आणि रबरी रिंगा बाजूला काढल्या का. काही गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये वर काळा रबरी पडदा असतो, क्लीनर लागला की तो फुगतो आणि परत बसत नाही. तीन, जेटमध्ये टाचणी किंवा स्टीलची तार घातली जात नाही ना.

तिसऱ्या गोष्टीवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. वागळे इस्टेटमध्ये शिकाऊ असताना मी एका गिऱ्हाइकाचा स्लो जेट टाचणीने कोरला होता. गाडी झटकन सुरू झाली आणि मला मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले. आठ दिवसांनी तो माणूस परत आला. प्लग काळाकुट्ट, पेट्रोलचा खर्च वाढलेला. उस्तादांनी माझ्या हातात नवा आणि तो कोरलेला असे दोन्ही जेट ठेवले आणि म्हणाले, “उजेडाला धर.” नव्याचा ठिपका गोल होता, माझ्या जेटचा लांबट. पितळ मऊ असते, स्टीलपुढे झिजते. जेटवरचा आकडा हे त्या भोकाचे माप असते. केहीन कंपनीच्या जेटवर ३८ असेल तर भोक ०.३८ मिलिमीटर. तिथे केसभर फरकही फार होतो. नवा जेट उस्तादांनी स्वतःच्या पैशाने बसवून दिला.

मग बाटलीचा उपयोग केव्हा? गाडी रोज चालते आहे, चोकशिवाय सुरू होते, पण सकाळी स्लोला थोडी अडखळते किंवा रेस देताना बारीक गचका खाते, अशा वेळी. ताज्या पेट्रोलमध्ये प्रमाणात औषध घाला, दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवा म्हणजे ते वाटीपर्यंत पोहोचेल, आणि रात्रभर उभी ठेवा. भिजायला वेळ मिळाला तरच ते काम करते. मग ती टाकी संपवा. फरक नाही पडला तर दुसरी बाटली न आणता कार्बोरेटर खोला.

आणि पुढच्या जूनमध्ये गाडी उभी ठेवायची वेळ आलीच, तर टाकी काठोकाठ भरा, कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी कोरडी राहिली की डिंक व्हायला काही उरतच नाही. याला एक पैसा लागत नाही. वाटीच्या तळाला निचऱ्याचा स्क्रू असतो, उरलेसुरले पेट्रोल तिथून बाटलीत काढा. इंजिन आणि सायलेन्सर गार असू द्या, जवळ उदबत्तीसुद्धा नको.

प्रश्न : काका, माझी २०२२ ची बाइक आहे, इंजेक्शनवाली. मित्र दर टाकीला एक बाटली टाकतो. मीपण टाकू का?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : नको रे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. तुझ्या गाडीत तुंबायला स्लो जेट नाही. इंजेक्टरवर आणि व्हॉल्व्हवर थर बसतो तो उष्णतेने भाजलेला असतो. त्यावर पॉलिएथर अमाइन हे सफाईचे रसायन असलेले औषध खरोखर चालते, पण कधीमधी टाकले तरी पुरते. ‘स्पीड’, ‘पॉवर’, ‘एक्सपी ९५’ या नावांनी पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये अशी सफाईची द्रव्ये आधीच मिसळलेली असतात. दर टाकीच्या बाटलीचे पैसे साठव आणि घोडबंदर रोडच्या धुळीत एअर फिल्टर वेळेआधी बदल.

प्रश्न : इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचा कार्बोरेटर खराब होतो म्हणतात. त्यावर वेगळी बाटली मिळते, ती घ्यावी का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. कॉकचे तोंड तिथून जवळच असते. एकदा वेगळे झालेले हे पाणी कोणतीही बाटली नाहीसे करत नाही, ते काढूनच टाकावे लागते. खात्री करायची तर वाटीतले पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळी रेघ दिसली तर टाकीही रिकामी करा.

रोज फिरणाऱ्या गाडीला ही भीती फारशी नाही, कारण पेट्रोल ताजे राहते. जुन्या गाडीची खरी काळजी रबराची. कार्बोरेटर खोलालच तेव्हा वाटीची रिंग आणि पेट्रोलची नळी दोन्ही बदला. नळी दोन बोटांत वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर ती बसवूच नका. आणि रिंग आणायला जाताना जुनी सोबत न्या, वरवर एकाच मापाच्या दिसणाऱ्या दोन रिंगा जाडीत वेगळ्या निघतात.