नुसती सुई टोचून घरी येऊ नका
वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

आमचा लॅब्रॅडॉर ७ वर्षांचा आहे. लस दर वर्षी न चुकता देतो. यंदा डॉक्टरांनी रक्त आणि लघवीही तपासायला सांगितली. तो दोन्ही वेळ भांडं चाटूनपुसून खातो. मग हा खर्च कशासाठी? (दादर)

लॅब्रॅडॉर आजारातही खातो, त्यामुळे त्याच्या भुकेवरून तब्येतीचा अंदाज बांधू नका. किडनीचंच पाहा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं, तोवर किडनीची जवळपास पाऊण ताकद गेलेली असते. त्याच्या आधी लघवी पातळ होऊ लागते, कारण किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. ही खूण फक्त लघवीच्या तपासणीत सापडते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही मागितलं ते योग्यच आहे.

सकाळची पहिली लघवी घ्या. लांब दांड्याची स्वच्छ, कोरडी पळी धार सुरू झाल्यावर खाली धरा आणि केमिस्टकडे मिळणाऱ्या डबीत ओता. दोन तासांत पोचवता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. रक्तासाठी ८ ते १० तास उपाशी ठेवा, पाणी मात्र बंद करू नका. मधुमेहाचं इन्सुलिन चालू असेल तर उपासाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन, साखर आणि प्रथिनं एवढं पाहिलं तरी सुरुवातीला पुरे. एकट्या रिपोर्टवरून फार कळत नाही. गेल्या वर्षी क्रिएटिनिन ०.८ होतं आणि यंदा १.३ आलं, तर बहुतेक लॅबच्या कागदावर दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च असतील, पण ही वाढ डॉक्टरांनी पाहायला हवी. त्यासाठी जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून दर वेळी सोबत न्या.

टेबलावरची तपासणीही तितकीच मोलाची. वजन, दात आणि हिरड्या, कान, डोळे, जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी, छातीचे ठोके, पोट चाचपणं, मागचे पाय ताणून कंबर आणि गुडघे पाहणं, याला १० ते १५ मिनिटं लागतात. लशीच्या गडबडीत हे राहून जात असेल तर संकोच न करता सांगा, की आज पूर्ण तपासणी करायची आहे. घरी अंघोळ घालताना त्वचेखाली नवी गाठ हाताला लागली, तर तिची जागा आणि आकार लिहून ठेवा. सुईने पेशी काढून ती कसली आहे हे बऱ्याचदा त्याच दिवशी कळतं.

लॅब्रॅडॉर सुटतात, आणि त्याचा भार सांध्यांवर येतो. आपल्या तळहाताच्या पाठीवरून बोटं फिरवली की हाडं जशी लागतात, तशा त्याच्या बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर आधी चपातीचे तुकडे आणि बिस्किटं बंद करा. मोठ्या जातींची ७ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी. लहान जाती आणि मांजरं दहाव्या वर्षाच्या आसपास त्या वळणावर येतात.

खर्च झेपत नसेल तर परळला सगळे ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं धर्मादाय रुग्णालय आहे. १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. एक लस झाली आहे. सोसायटीच्या आवारात कधीपासून न्यायचं? पावसाळा तोंडावर आहे. (मुलुंड)

अजून जमिनीवर सोडू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीला काही आठवडे काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने डोस देत जायचं, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच. मधला डोस चुकला की पार्वोला, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराला, दार उघडं राहतं. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही, चपलांना लागून घरात येतो. शेवटच्या डोसनंतर आठवडा-दहा दिवस थांबून खाली न्या. तोवर कडेवर घेऊन रिक्षा, माणसं, भोंगे सगळं दाखवा, नाहीतर पुढे ते बुजरं होतं. रेबीजची लस ३ महिने पूर्ण झाल्यावर. तिचा दाखला जपून ठेवा, पालिकेचा परवाना काढताना लागतो.

जंताचं औषध १२ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, मग दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर वेळी आधी वजन करा.

पावसाचं म्हणाल तर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस ऐच्छिक मानू नका. उंदराच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात, कुत्र्याची किडनी आणि यकृत धरतात, आणि त्याच्या लघवीतून घरच्या माणसांनाही होऊ शकतात. दोन डोस २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने लागतात, पुढे दर वर्षी एक. दर वर्षीचा डोस मे महिन्यातच उरकून घ्या. फिरून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका.

कुत्र्याच्या अंगावर गोचिडी सापडतात. रॉकेल लावून काढल्या, तरी पुन्हा येतात. (गोरेगाव)

रॉकेल आजच बंद करा. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुन्हा येतात कारण अंडी आणि पिल्लं भिंतीच्या भेगांत, सोफ्याच्या शिवणीत, कुत्र्याच्या गादीत असतात. म्हणून वजनाप्रमाणे मिळणारी गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध सलग काही महिने, बारा महिने दिलं तर उत्तम, आणि सोबत घराची सफाई.

सुस्ती, ताप, फिक्या हिरड्या, पोटावर लाल ठिपके किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी प्लेटलेट तपासा. हा गोचीडताप असू शकतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक बहुधा २८ दिवस चालतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागतो आणि घरचे गोळी थांबवतात, तिथेच आजार उलटतो. गोळी खाण्यासोबत द्या. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं गोचिडीचं औषध तिला चुकूनही लावू नका, मांजरीला ते जीवघेणं आहे.

बोका ६ वर्षांचा, कधीच बाहेर जात नाही. पिंजरा पाहिला की कपाटाखाली शिरतो. त्याला दरवर्षी न्यायलाच हवं का? (गिरगाव)

हवंच. दात आणि किडनीचे आजार घरात बसूनही होतात. पिंजरा जायच्या दिवशीच माळ्यावरून काढला की तो पळणारच. दोन आठवडे आधी दार उघडं ठेवून खोलीत ठेवा, आत त्याची गादी आणि खाऊ ठेवा. टॅक्सीत वरून टॉवेल टाका. वरून उघडणारा पिंजरा घेतलात तर ओढून काढावं लागत नाही.

दर महिन्याला त्याला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. ४ किलोच्या बोक्याचं ४०० ग्रॅम घटलं, तर ते ६० किलोच्या माणसाचं ६ किलो घटल्यासारखं आहे. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते. खिडक्यांना घट्ट जाळी लावा, कबुतराच्या मागे मांजरं खाली पडतात.

आणि एक लक्षण घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवी थेंबच होते किंवा होतच नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजू नका. मूत्रमार्ग अडलेला असतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट पाहू नका. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता हे आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रीजवर चिकटवा.