हुबेहूब, वास्तववादी की वास्तवदर्शी?

प्रश्न असा: इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या रोमन आवक्ष पुतळ्यांबद्दल लिहिताना कलासमीक्षक ‘व्हेरिझम’ हा शब्द वापरतात, म्हणजे चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती न लपवता दाखवणारी शैली. मराठीत त्यांना ‘हुबेहूब पुतळे’ म्हटलं तर चालेल का?

मला विचाराल तर नाही. हुबेहूब म्हणायचं तर ताडून बघायला मूळ हवं, आणि इथे मूळ माणसं जाऊन दोन हजार वर्षं उलटली. ‘पॅट्रिशियन तोर्लोनिया’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवक्ष पुतळ्यातला म्हातारा बघा. गालफडं बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर नांगर फिरवल्यासारख्या आठ्या. बघणारा लगेच म्हणतो, अस्साच असणार हा! पण प्रजासत्ताक रोममध्ये वय म्हणजे पत. सुरकुती मिरवायची गोष्ट होती, त्यामुळे शिल्पकाराने दोन-चार पदरच्या घातल्या नसतीलच असं नाही. या भारदस्तपणाला लॅटिनमध्ये ‘ग्राविटास’ म्हणत. त्यातला ‘ग्राविस’ म्हणजे जड, आणि तो आपल्या ‘गुरु’चा सख्खा भाऊबंद. म्हणजे ‘गौरव’ही त्याच गोतावळ्यातला!

ओळख पटण्याला रोमन लोकांत महत्त्व होतंच. ग्रीक इतिहासकार पोलिबियस सांगतो की मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मुखवटे लाकडी देव्हाऱ्यासारख्या कपाटात ठेवत आणि घरातल्या प्रतिष्ठिताच्या अंत्ययात्रेत, अंगाबांध्याने त्या पूर्वजासारखी दिसणारी माणसं ते घालून चालत. मुखवटे मेणाचे असत, हे रोमन लेखक प्लिनीकडून कळतं. आपल्या देवघरातले पूर्वजांचे टाक आठवतात ना? फरक एवढाच, की टाकावरचा चेहरा कुठल्या आजोबांचा हे टाक बघून कळत नाही.

‘वास्तववादी’ही मला जड जातो. ‘वाद’ म्हटलं की मागे विचारसरणी आली, जाहीरनामा आला. इथे होती ती शैली, आणि तीही पुढे मागे पडली. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस पंच्याहत्तरी ओलांडून इ.स. १४ मध्ये वारला, तरी त्याचे पुतळे शेवटपर्यंत तरुणच. मग नंतरचा सम्राट व्हेस्पेशियन याच्या पुतळ्यांवर सुरकुत्या परतल्या.

म्हणून मी ‘वास्तवदर्शी’ लिहितो. तो दिसण्याबद्दल बोलतो, खरेपणाची हमी घेत नाही. पहिल्या उल्लेखात ‘व्हेरिझम’ तसाच ठेवावा. लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे खरा, म्हणून कुणी ‘सत्यवाद’ करून ठेवू नये एवढंच.